लहान चीर

बाईला कमी दुखावं, ती लवकर हिंडूफिरू लागावी म्हणून मी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकले. त्यात तासन्‌तास पडद्याकडे पाहून माझी मान कायमची अवघडली. काल राउंडला गेले, तेव्हा गर्भपिशवी काढलेल्या कुसुमताईंच्या पोटावरच्या इवल्या पट्ट्या पाहून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढंच? मग सोमवारपासून स्वयंपाकाला लागेल की!"

त्या बाहेर गेल्यावर कुसुमताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, आईचं पोट उघडलं होतं, तेव्हा दोन महिने तिला कुणी उठू दिलं नाही. तुम्ही मलाही मोठी चीर द्यायला हवी होती."

जखम दिसली तरच आपल्याकडे बाईला विश्रांती मिळते. मी थकून खुर्चीत बसले. मग सासूबाईंना आत बोलावून म्हटलं, "आतली जखम मोठी आहे. दीड महिना हिने काही उचलायचं नाही."

कुसुमताईंनी पाय लांब केले आणि डोळे मिटले.