गंज लागू नये म्हणून

आई गेल्यावर मी मुंबईची खोली सोडून रत्नागिरीला बाबांकडे राहायला आले. इमारतींचे नकाशे काढणं हे माझं काम. ऑफिसच्या बाईंनी घरून काम करायची परवानगी दिली, पण एका शाळेचे नकाशे वेळेत आणि बिनचूक आले तरच. नाही जमलं तर परत मुंबई. हे मी बाबांना लगेच सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली आणि मागच्या दाराच्या कडीला तेल घातलं.

बाबांनी जन्मभर बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केली. खारा वारा लोखंड खातो, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. त्यामुळे आमच्या घरात कुलपं, बिजागऱ्या, विळी, शिवणयंत्र, सगळ्यांना नेमाने खोबरेल मिळतं. बाबांच्या डोक्याला मिळत नाही, कारण तिथे आता तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा जुना कॉम्प्युटर मोठे नकाशे उघडताना धापा टाकायचा, म्हणून मी नवी रॅम, म्हणजे मेमरीच्या दोन पट्ट्या, मागवली. कुरियर आलं तेव्हा मी बाजारात होते. बाबांनी ते घेतलं आणि खोका उघडूनही पाहिला. संध्याकाळी व्हिडिओ बघत बघत मी जुन्या पट्ट्या काढून त्या दोन नव्या पट्ट्या स्वतः बसवल्या, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की सुरमई तळली.

ते सुख सुरमई पचेपर्यंतच टिकलं. सकाळी शाळेचा जिना काढत होते, तेवढ्यात पडदा निळा झाला. त्यावर एक रडवेला चेहरा आणि काहीतरी बिघडल्याचा मजकूर. चूक त्याची आणि तोंड पाडून बसणारही तोच! कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला, जिना मात्र गेला. मग हे कधीही व्हायला लागलं. कधी चहा होईपर्यंत तो नीट चाले, कधी दोन रेघाही मारू देत नसे.

मी हात धुऊन मागे लागले. ड्रायव्हर नवे केले, व्हायरस शोधले, सगळी सिस्टीम पुसून नव्याने टाकली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "लाईटीचा प्रॉब्लेम असेल, मॅडम." आमच्याकडे सगळ्याचंच खापर लाईटीवर फुटतं. तरी यूपीएससुद्धा बदलून पाहिला. निळा पडदा काही हटेना.

बाबा दारातून डोकावायचे. "काय गो बाय, परत बंद पडला? गरम होतंय काय बघ इंजिन."

"बाबा, हे इंजिन नाहीये," मी खेकसायची. मुदत जवळ येत होती आणि मी आतून घाबरले होते. संध्याकाळी या माणसाबरोबर पडवीत बसून चहा प्यायची मला सवय लागली होती. ती मला सोडायची नव्हती.

शेवटी रॅमचीच तपासणी लावली, तर पडदाभर चुकांच्या लाल ओळी. कॅबिनेट उघडलं आणि नाकात तापलेल्या खोबरेलाचा वास शिरला; बसवताना तो घरातल्या नेहमीच्या वासात विरून गेला होता. पट्टी काढून पाहिली. तिची सोनेरी कड तुकतुकीत होती आणि तिला धूळ चिकटली होती.

"बाबा, याला तेल कुणी लावलं?" घरात आम्ही दोघंच, तरी मी विचारलं.

"मी लावलं," बाबा सरळ म्हणाले. "कुरियर आलं तेव्हा. कापसान्, हलकंसं. एवढी सोनेरी कड उघडीच ठेवलीनी त्यांनी, आपल्या खाऱ्या हवेत किती टिकणार? मशीन गंजलं तर तू परत जाशील."

तोंडाशी आलेलं भांडण मी गिळलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. मग पडवीत बसून आम्ही दोघांनी स्पिरिट आणि शाळेतल्या खोडरबराने त्या पट्ट्या पुसल्या, कॅबिनेटमधल्या त्यांच्या खाचा ब्रशने साफ केल्या. बाबा माझ्यापेक्षा हळुवारपणे पुसत होते. त्यानंतर पडदा एकदाही निळा झाला नाही.

नकाशे वेळेत गेले. बाईंचा फोन आला, "तिथूनच करत राहा." मी बाबांना सांगितलं. ते तेलाची वाटी घेऊन उठले आणि फाटकाच्या कडीला तेल घालायला लागले.

"बाबा, कालच घातलंत."

"असू दे गो," ते म्हणाले. "आता तुझी रोजची ये-जा इथूनच."