तांबडीची साडी

पिशवी उघडली आणि शेणाचा, दुधाचा, सरकी पेंडीचा ओळखीचा वास आला. चहूकडे समुद्र, खोलीत एसी, आणि वास गोठ्याचा! आत माझी धारा काढायची जुनी साडी होती. जहाजावर रात्रीच्या जेवणाला नेसायची म्हणून घेतलेली नवीकोरी साडी राहिली होती घरी, गोठ्यातल्या खुंटीला. दोन्ही एकाच दुकानाच्या पिशव्यांत होत्या आणि पहाटेच्या घाईत मी त्यांची अदलाबदल करून बसले होते. हे पोट धरून हसले. मला मात्र घाम फुटला.

ज्याच्या दारात दुभतं जनावर आहे त्याला हे सांगायला नको. नवराबायको दोघं मिळून एका रात्रीसाठीही घर सोडत नाहीत. लग्न असो, बारसं असो, एकानं जायचं, दुसऱ्यानं धारांना थांबायचं. आमच्याकडे थांबणारी नेहमी मीच, कारण आमची तांबडी माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. तिची आई आम्ही घोडेगावच्या बाजारातून आणली होती, तिचाही तोच हट्ट. ह्यांनी एकदोनदा हात लावून पाहिला, तर लाथेनं बादली पार दावणीपर्यंत गेली. दूध आत राहिलं की कास दगडासारखी होते आणि चांगली गाय कामातून जाते.

म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं आमची मुंबईहून दोन रात्रींच्या जहाजाच्या सफरीची तिकिटं काढली तेव्हा मी आधी साफ नाही म्हणाले. तोडगा धाकट्या जावेनं काढला. "ताई, तुमची साडी ठिवून जावा. ती नेसून बसते मी. तिला वाटंल तुमीच हायेत."

आणि तीच साडी मी समुद्रात घेऊन आले होते. धन्य माझी!

फोन लावावा तर रेंज नाही. आदल्या दिवशी बंदरातून बोलणं झालं तेव्हा धारांना अजून वेळ होता. त्यानंतर आम्ही निघालो आणि मोबाईल मुका झाला तो झालाच. जहाज उद्या सकाळी मुंबईला लागणार, तोवर काही कळायचं नाही. "आता काय पोहत जाणारेस का?" हे म्हणाले, आणि मला वर डेकवर घेऊन गेले.

डेकवर लांबलचक आरामखुर्च्या मांडलेल्या. मी पदर सावरून अवघडून बसले, मग हळूच पाय वर घेतले. बघावं तिकडे पाणी. नुसतं पाणी. झाड नाही, बांध नाही, विजेचा खांब नाही. जहाज चालतंय की जागेवर उभं आहे तेही कळेना. ऊन कोवळं होतं, वारा अंगावरून जात होता, आणि मला उठून करण्यासारखं एकही काम नव्हतं. असा दिवस मला कधी मिळालाच नव्हता. कुणीतरी येऊन चहा देऊन गेलं. ह्यांचा डोळा लागला होता, टोपी नाकावर. मीही पेंगले. जाग आली तरी पाणी तेच, आकाश तेच. मला वाटलं, आपण कुणाची बायको नाही, आई नाही, नुसत्या एका खुर्चीत ठेवलेल्या आहोत. लई बरं वाटलं, खरं सांगते.

मग साडेचार वाजले. घड्याळ बघायची गरज नव्हती, माझी बोटं आपोआप शिवशिवायला लागली. इतकी वर्षं ह्या वेळेला ती कासेखाली असतात. पाण्यावर ऊन तांबूस झालं होतं, आणि मला त्यात तांबडीची पाठ दिसायला लागली, मान वळवून माझी वाट बघणारी.

आणि तिच्यामागे माझी आई.

दोन वर्षांपूर्वी आई श्रीरामपूरला माझ्या माहेरी अंथरुणाला खिळून होती. मी सकाळी एसटीनं जायची, दुपारी परत निघायची. शेवटच्या खेपेला तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "राहा की एक रात." मी म्हणाले, "आई, तांबडी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाई गं." ती शेतकऱ्याचीच बायको. तिला लगेच पटलं. "मंग जा बाई, जा," म्हणाली आणि तिनंच हात सोडला. पुढच्या आठवड्यात ती गेली. तेव्हाही मी धारा उरकूनच पोहोचले होते.

रात्री मी साध्याच साडीत जेवायला गेले. तांबडीला काही झालं तर ह्या जन्मात पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही, असं मनात पक्कं केलं.

सकाळी धुक्यात मुंबईच्या इमारती पुसट दिसायला लागल्या आणि हातातल्या मोबाईलला रेंज आली. मी कठड्याशी उभी राहून जावेला फोन लावला. "अगं, तांबडी कशी हाय?"

"मजेत हाय की! पिशवीत ती कोरी साडी बघून मी बी घाबरले. ती नेसून शेनात कुठं बसू? मंग तशीच बसले, माझ्या गाऊनवर. पाठीवरनं हात फिरवला आन् दिली की तिनं. लाथ न्हाई, काय न्हाई. आत्ता सकाळची धार बी झाली."

गाय सुखरूप होती, त्याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण मी कठडा घट्ट धरला.

"ताई, ऐकताय ना? लगीच पळत येऊ नका. लेकीकडं राहा की एक रात."

हे शेजारी येऊन उभे राहिले. माझा चेहरा बघून घाबरले. "काय गं? गाय बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. "मी आईजवळ राहिले असते तरी चाललं असतं हो."