आत्याचं सफरचंद

"तुम्हा रत्नागिरीकरांना खाण्यापिण्याची काय ददात!" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आंबे होते, फणस होते, काजूगर होते, नारळाला तर तोटाच नव्हता. होते ना, कोण नाही म्हणतंय? पण माणसाची जीभ म्हणजे काय गोठ्यातली म्हैस आहे, पुढ्यात टाकाल ते मुकाट चघळायला? जे गावात मिळत नाही नेमकं तेच तिला हवं असतं. माझ्या आत्याला सफरचंद हवं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि ते तिला आक्का म्हणत. परकरात होती तेव्हा तिचं लग्न झालं, आणि लुगडं नीट नेसता यायच्या आत नवरा पटकीने गेला. तेव्हापासून लाल आलवण, एक वेळचं जेवण आणि आमच्या घरची चूल. घरातला प्रत्येक घास तिच्या हातचा होता. अण्णांना घावन कडेला कुरकुरीत लागतो, दादाला सांदण थोडं जास्त गोड लागतं, मला तांदळाची बोरं लागतात, हे तिला न सांगता ठाऊक. तिला काय लागतं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तिच्याजवळ बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. बिस्किटं कुणी खाल्ली देव जाणे, पण डबा मुंबईहून फिरत फिरत आमच्याकडे आला, तिने तो राखेने चार वेळा घासला आणि त्यात फुलवाती ठेवू लागली. झाकणावर लालभडक फळांचं चित्र होतं. मी मराठी शाळेत जात होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी वाती वळता वळता तिने त्या चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे कसं लागत असेल गो?"

"सफरचंद आहे ते," मी पुस्तकी ज्ञान पाजळलं.

"ते ठाऊक आहे मला. लागतं कसं, ते विचारत्ये. एकदा खाऊन बघावंसं वाटतं हो." आणि लगेच इकडेतिकडे बघून, "अण्णाला बोलू नको. म्हणेल, म्हातारपणी आक्काला जिभेचे चोचले सुचले."

म्हातारपणी! तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. पण विधवा बाईने तोंडाने काही मागणं म्हणजे केवढी नाचक्की! मी तिला शब्द दिला, कुणाला सांगणार नाही म्हणून. त्या शब्दाने पुढे माझाच गळा आवळला.

सफरचंद कसं लागतं, हे मी आमच्या आळीत मुंबईला जाऊन आलेल्या दोघातिघांना विचारलं. एक म्हणाला, पेरूसारखं. दुसरा म्हणाला, छे, जांबासारखं, पण जांब नव्हे. तिसऱ्याने बराच वेळ आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थंड असतं." डोंबल! एवढी मुंबई बघून आले, फळ खाऊन आले, आणि सांगता काय येतं, तर थंड असतं! आत्याने मात्र ते मनापासून ऐकून घेतलं. "फळाला काही विटाळ नसतो," ती म्हणाली, "धुतलं की झालं." म्हणजे मनातल्या मनात तिची सोवळ्याची बाजूसुद्धा पक्की करून झाली होती. आता फक्त फळ यायचं बाकी होतं.

पुढे दादा नोकरीला मुंबईला गेला. मी त्याला बजावलं, "मला सफरचंद आण." मला म्हणून सांगितलं, आत्याचं नाव घ्यायची सोय नव्हती ना. त्याने बिचाऱ्याने आणलंही, पण स्वतः येणं जमेना, म्हणून बोटीने निघालेल्या आळीतल्याच एका गृहस्थांबरोबर पाठवलं. ते गृहस्थ बंदरावर होडीतून उतरले, घरी आले, आमच्या ओटीवर बसून चहा प्याले आणि सांगू लागले, "ते फळ होय? अहो, जयगडच्या पुढे मला अशी बोट लागली, अशी बोट लागली, की तोंडाची चव गेली पार. मग म्हटलं, खावं. फार बरं वाटलं हो!" अण्णा म्हणाले, "चांगलं केलंत." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी आत जाऊन आत्याला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बरं वाटलं ना त्यांना? झालं तर."

असं ती म्हणाली की मला जास्त राग येई. तिच्या वाटचा राग मी एकटीने किती धरायचा?

त्यानंतर एका गणपतीला दादा स्वतः आला. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि त्याने पिशवीतून दोन सफरचंदं काढली. अगदी झाकणावरच्यासारखी लाल. मी घ्यायला हात पुढे करते तोच अण्णा ओरडले, "अरे वा! आधी देवाला!" आणि दोन्ही फळं गणपतीपुढच्या विड्यावर जाऊन बसली. एक नारळ, सुपारी, दक्षिणा आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या आत्याचं सफरचंद. विड्यावर ठेवलेलं भटजींचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी आत्याकडे बघितलं. ती दारातून हात जोडून उभी होती, आणि ती गणपतीकडे बघत्येय का विड्याकडे, हे कळत नव्हतं. मी अण्णांना म्हटलं, "एक ठेवा ना घरात." ते म्हणाले, "देवापुढून फळ मागे घ्यायचं? मोठी झालीस तरी खादाडपणा जात नाही तुझा." चारचौघांत खादाड ठरले! आत्याने जेवताना माझ्या पानात एक मोदक जास्त वाढला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. भटजींनी फळं उपरण्यात बांधली.

दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडे कर्माची मेहनत भटजीच वाचवत.

वर्षं गेली. मी शिकले आणि गावातच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. दादाचं लग्न झालं, त्याचं मुंबईला बिऱ्हाड झालं. मधूनमधून आत्या वाती वळताना झाकणाकडे बघे आणि मी दात-ओठ खाई. शेवटी एका दिवाळीनंतर अण्णांनी काशीयात्रा काढली. आई वारली होती त्याच्या आदल्या वर्षी. तिच्या नावाने गयेला पिंड द्यायचे होते. आत्यालाही नेणार होते. आळीतली आणखी काही माणसं बरोबर होती. कोल्हापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे आगगाडीने जायचं ठरलं.

निघायच्या आधी रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर एकच खल चाले, की गयेला सोडायचं काय? कारण गयेचा रिवाज असा, की पिंडदान झालं की तिथल्या वडाखाली उभं राहून आपल्या आवडीचं एक फळ पितरांसाठी जन्माचं सोडायचं. पुन्हा कधी तोंडात घालायचं नाही. आवडीचं, बरं का! आणि आमचे एकेक बहाद्दर काय सोडणार होते? अण्णा म्हणाले, "मी पपई सोडणार." पपईच्या वासाने त्यांना उलटी येई. दुसरे म्हणाले, "आपण कवठ." कोकणात कवठ बघितलंय कुणी? तिसऱ्यांनी उंबर काढलं. आंब्याचं नाव कुणी घेईना. पितरांना फसवायला निघालेले ते यात्रेकरू बघून मला हसूही आलं आणि चीडही. आत्या आत भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही.

ते यात्रेला असतानाच नाताळच्या सुट्टीत मी दादाकडे मुंबईला गेले. मनाशी म्हटलं, आता ना दादा, ना गृहस्थ, ना गणपती. मी स्वतः मंडईत गेले, चार चांगली फळं निवडली, दुकानदाराने ती कापसात घालून दिली. बोटीवर पिशवी मांडीवरून हलवली नाही. शेजारच्या बाईला बोट लागली, ती माझ्या पिशवीचा वास घेऊन म्हणाली, "फळ आहे वाटतं?" मी म्हटलं, "चपला आहेत." खोटं बोलायची मला लाज वाटली नाही. पुन्हा वाटली नसती.

घरी पोचले तर यात्रेकरू परत आलेले आणि दुसऱ्या दिवशी मावंद्याची धांदल. काशीहून सुखरूप आल्यावर गंगेची पूजा करून गावजेवण घालतात ते मावंदं. आत्या पहाटेपासून सोवळ्यात. तिच्याशी बोलायलाही फुरसत नव्हती. म्हटलं, असू दे. जेवणं उरकली की हिला मागल्या दारी बसवते आणि धुऊन हातात देते. आनंदाने मला त्या दिवशी पुरणसुद्धा गोड लागलं नाही.

दुपार कलली. पुरुषमंडळी ओटीवर पान खात बसली. आत्या माजघराच्या दारात टेकली होती, मी तिच्याशेजारी, पिशवी माझ्या मांडीवर. अण्णा यात्रेच्या गोष्टी सांगत होते, आणि अण्णा सांगायला लागले की माणसं पोट धरून हसत.

"आणि सगळ्यांत हुशार कोण निघालं सांगू?" अण्णा म्हणाले. "आमची आक्का! आम्ही पपई काय, कवठ काय, डोकं खाजवून खाजवून काढलं. आणि ही? तिथला भटजी, तो गयावळ, विचारतो, माई, क्या छोडोगी? तर ही शांतपणे म्हणते, सफरचंद! अहो, जे फळ आपल्या गावात जन्मात येत नाही, ते सोडून मोकळी! गयावळसुद्धा चाट पडला. बायका साध्या दिसतात हो, पण आमच्या आक्काने पितरांनाही गुंडाळलं!"

ओटी हसून हसून लोळली. कुणीतरी म्हणालं, "आक्का, मानलं तुम्हाला!" आत्याही पदर तोंडाला लावून हसली.

मी मांडीवरची पिशवी पदराखाली ओढली. मी अशी काही बघत असणार, की अण्णांचं लक्ष गेलं. "पिशवीत काय गो? मुंबईचा खाऊ दडवून बसलीस होय?" त्यांनी उठून पिशवी घेतली, कापूस बाजूला केला, आणि असे काही हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, ही बघा! सफरचंदंच! आक्का, आली की नाही पंचाईत? चतुराई अंगाशी आली!"

मी ताडकन उठत होते. सगळं सांगणार होते, त्या डब्यापासून त्या भटजींपर्यंत. ओटीवरच्या एकेकाला पपई, कवठ, उंबर भरवणार होते. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि असा दाबला, की मला उठता येईना. "आण रे इकडे," ती अण्णांना म्हणाली, "मी चिरून देत्ये."

तिनेच ती धुतली. तिनेच विळीवर बसून सारख्या फोडी केल्या, मधल्या बिया काढल्या, ताटात लावल्या. चिरून झाल्यावर रस लागलेली बोटं तिने लगेच धुऊन टाकली. अण्णांनी फोड तोंडात घातली, इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "हॅ! पिठूळ आहे. काही राम नाही. आक्का, तू काही गमावलं नाहीस हो!"

"नाही ना?" आत्या म्हणाली. "मग झालं."

मी खाल्लं नाही. मला कुणी आग्रहही केला नाही. फोडी पुरल्या नाहीत.

संध्याकाळी मी तिला विहिरीवर गाठलं. ती पाणी ओढत होती. मी रडतच भांडायला सुरुवात केली. "कवठ म्हणता येत नव्हतं तुला? उंबर म्हणता येत नव्हतं? सगळ्या जगाने पितरांना टोप्या घातल्या, तू एकटीच कशी गं शहाणी?"

"अगो, त्याने आवडीचं विचारलं," ती म्हणाली. "तुझी आई, आमचे आईबाप, आमचे हे... सगळे तिथे आलेले असतात म्हणतात. त्यांच्यासमोर खोटं बोलू?"

"पण खाल्लंस कधी तू ते? न खाल्लेलं आवडीचं कसं होईल? आंबा सोडायचास!"

तिने कळशी काठावर टेकली. "आंबा पानात पडतो म्हणून खात्ये. फणस पडला, फणस खाल्ला. मी मागून घेतलेलं काय आहे गो त्यात? जन्मात हे एकच मागितलं, तेही तुझ्यापाशी. मग आवडीचं ते तेच ना? दुसरं काही असलं तर तूच सांग."

सांगायला मी तोंड उघडलं. आयुष्यभर तिच्या हातचं खाल्लेली मी. अण्णांचं सांगता आलं असतं, दादाचं सांगता आलं असतं, त्या बोट लागलेल्या गृहस्थांचंसुद्धा सांगता आलं असतं. तिच्या आवडीचं एक नाव मला सुचेना.

ती थांबली होती. खरोखरच वाट बघत होती, मी काही सांगत्येय का म्हणून.

"सुचलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग!" ती म्हणाली, आणि कळशी कमरेवर घेऊन आत गेली.