साखरेचा खरवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना तर नाहीच. तुम्हांला सांगतेय, कारण आता मला खरवस खाववत नाही — आणि दरवेळी दाताचं दुखणं किती दिवस पुढे करायचं?

साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल. मी वाटूरला नवी सून होते, चौथीत शाळा सुटलेली. गावच्या शाळेत सुमनबाई मास्तरीण होत्या, माझ्याच वयाच्या. बौद्ध होत्या, सडकेपलीकडच्या वस्तीत राहायच्या. मला सातवीच्या परीक्षेला बसवायचं त्यांनीच मनावर घेतलं. दुपारी शाळा सुटली की आमच्या ओसरीवर येऊन शिकवायच्या. एक पैसा घेतला नाही कधी.

त्या वर्षी आमची म्हैस व्याली. चीक विकायचा नाही, वाटायचा, ही आमची रीत. कच्चा चीक सगळ्यांकडे जायचा, वस्तीतही. त्याला कुणाची हरकत नसे. मी सुमनबाईंना तांब्याभर दिला. त्यांनी खरवस कधी केला नव्हता, म्हणून सगळं समजावलं — चिकात दूध किती, गूळ किती, पातेल्यात पाणी ठेवून वर डबा कसा ठेवायचा, झाकणावर वरवंटा, म्हणजे वाफ जात नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं! मला हसू आलं. गुरूच चेला झाला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. पहिला माझ्यासाठी काढला होता. गरम होता अजून. हातात देऊन शाळेत गेल्या.

आणि मी —

तुम्ही म्हणाल, सासू आडवी आली असेल. सासूबाई तीर्थपुरीला लेकीकडे गेल्या होत्या. नवरा रानात. घरात मी एकटीच, चुलीपुढे, तो डबा मांडीवर घेऊन. कच्चा चीक आमच्या घरचा होता, पण शिजला होता त्यांच्या घरी. एवढंच. झाकण उघडायला हात गेला आणि मागे आला. कुणी धरला नव्हता तो.

निंदायला येणाऱ्या गंगूबाईला डबा तसाच बंद दिला. लेकरांना घाल म्हटलं, घासून आण. अन्न वाया गेलं नाही, अशी मनाची समजूत काढली. मन काय, पटकन समजतं.

गंगूबाईनं डबा आणून दिला. रिकामा परत करायचा नाही म्हणून मी त्यात भुईमुगाच्या शेंगा भरल्या. रीत पाळण्यात मी कधी चुकले नाही बघा.

दुपारी सुमनबाईंनी विचारलं, “कसा झाल्ता? खरं सांगा बरं.”

“लई झ्याक,” मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तर! पण खोट्याला ठिगळ लावायची घाई असते. म्हटलं, “गूळ बी अगदी बराबर पडला.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मंग म्हणाल्या, “आवडला ना? झालं तर.” आणि पुस्तक उघडलं.

आठवड्यानं रानात गंगूबाई सहज म्हणाली, “साखरेचा खरवस म्या पह्यल्यांदाच खाल्ला बघा. पांढराशुभ्र व्हता.”

साखर तेव्हा रेशनवर मिळायची, मोजकी. त्यांनी ती माझ्यासाठी घातली होती. नुसतं झाकण उघडून पाहिलं असतं, तरी कळलं असतं.

सुमनबाई त्यानंतरही येत राहिल्या. एक दिवस चुकवला नाही. मी सातवी पास झाले, तेव्हा माझ्यापेक्षा त्याच जास्त हरखल्या. फक्त काही करून आणलं नाही पुन्हा. मंग त्यांची मंठ्याला बदली झाली. मी निरोप द्यायला गेले, चहा प्यायले त्यांच्या घरी, दोन कप.

पुढे घरात किती म्हशी व्याल्या. मी किती वेळा खरवस केला. लोक नाव काढतात माझ्या हातच्या खरवसाचं.

त्यांचा कसा लागत होता, ते मला माहीत नाही.