दिवाळीची दहा मिनिटं

खोका पाच किलो चारशे ग्रॅम भरला. पोस्टातल्या काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत मी थांबलो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं काम केलं की हलता आकडा मनाला पटत नाही. आत बावन्न बेसनाचे लाडू, साठ करंज्या आणि दीड किलो चिवडा होता. मुलाच्या बराकीत बेचाळीस रिक्रूट. प्रत्येकाला एक लाडू, शिकवणाऱ्या उस्तादांना दोन-तीन, बाकीचे वाटेत फुटतील म्हणून जादा. हिशेब बरोबर होता. चूक दुसरीकडे होती, ती मला दिसली नाही.

त्या खोक्यातला एकही जिन्नस आमच्या घरात केलेला नव्हता. माझे वडील, म्हणजे मुलाचे आबा, दिवाळीच्या सतरा दिवस आधी गेले होते. सुतकातल्या घरी पहिल्या सणाला कढई चढत नाही. आणि आबा गेल्याचं मुलाला माहीत नव्हतं. आम्हीच कळू दिलं नव्हतं.

आबा सतरा वर्षं फौजेत होते. मी भरतीला गेलो तेव्हा माझी छाती फुगवूनसुद्धा एक सेंटीमीटर कमी भरली आणि मी परत आलो. आबा मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, पण नातू आठवीत गेल्यावर त्यांनी कालव्याच्या रस्त्यावर सोळाशे मीटर मोजून घेतले आणि दोन टोकांना दोन दगड पुरले. रोज पहाटे हातात घड्याळ धरून ते दुसऱ्या दगडापाशी उभे राहत. नातू आषाढात ट्रेनिंगला गेला. रेल्वेनं सव्वीस तासांचा प्रवास, सात महिन्यांचं ट्रेनिंग. शेवटी कसम परेड, म्हणजे झेंड्यासमोर शपथ. आबांना त्या परेडला जायचं होतं.

भाद्रपदात त्यांचे पाय सुजायला लागले. चार पावलांत दम लागायचा. एका दुपारी त्यांनी मला खाटेजवळ बसवलं.

“मी गेलो तर पोराला बोलवायचं न्हाई.”

“आबा, आसं काय बोलताय?”

“ऐकून घे. पोरगं पंधरा दिवस घरी आलं की मागं पडतंय. पुढच्या बॅचला ढकलत्यात. नवी पोरं, नवा उस्ताद, पहिल्यापास्नं सगळं. आमच्यातला एक गडी आई गेली म्हणून गेला, तो परत आलाच न्हाई.”

“मग कवा सांगायचं?”

“कसम खाल्ल्यावर. आन् एक ध्यानात ठेव. सणाच्या दिवशी तर आजिबात कळता कामा न्हाई. कामाच्या दिवशी रिक्रूटला घर आठवाय सवडच नसती. सुट्टीचा दिवस लय वाईट. शिट्टी न्हाई, परेड न्हाई. माणूस ट्रंकंवर बसतंय आन् घरात आता कोण काय करत आसंल ते एकेक बघत बसतंय. मी माझ्या पहिल्या दिवाळीला पळून जायाला निघालो हुतो. गेटापातुर गेलो हुतो.”

हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी शब्द दिला.

बायकोला ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी सावडून आलो तेव्हा ती म्हणाली, “आवं, ते त्याचे बी आबा हुते. त्याला रडायचा हक्क न्हाई व्हय?”

“आबांचा शब्द आहे,” मी म्हणालो. त्यावर तिनं पुन्हा विषय काढला नाही.

रिक्रूटांना रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. पहिल्या रविवारी मुलानं विचारलं, “आबा कुठायत?” मी म्हणालो, “रानात गेल्यात.” दुसरा रविवार दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आला. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “मिरजेला डोळे दाखवाय गेल्यात, शेजारच्या काकांबरोबर.” मग तो म्हणाला, व्हिडिओ लावा, आईला बघतो. माझं डोकं तुळतुळीत होतं. मी म्हणालो, रेंज नाही. दोन रविवारांत तीन वेळा खोटं बोललो. आयुष्यात मी खोटं बोललोच नाही असं म्हणणार नाही, पण असं ठरवून, आवाज सांभाळून कधी बोललो नव्हतो.

खोक्याचा प्रश्न शेजारच्या काकींनी सोडवला. आमच्या बांधाला त्यांचा बांध. जैनांचं घर, तीन पिढ्यांचा शेजार. त्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, “तुमच्या कढईला तेल लावायचं न्हाई, पर माझ्या कढईला कुठं आडकाठी हाय? पोराला डबा न्हाई गेला तर त्यावरनंच त्याला पयलं कळंल.”

हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही, म्हणून सगळं करायला त्यांना दोन दिवस लागले. डबे आमच्याकडे आले ते मी मोजून खोक्यात भरले. आमच्या घरात कुणी त्यातला एक दाणाही तोंडात टाकला नाही. सुतकात गोडधोड, तळलेलं कोण खाणार? तेराव्याच्या आदल्या दिवशी खोका पोस्टात दिला.

लक्ष्मीपूजन रविवारी आलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. बायको समोर बसली होती.

“काय रं, कशी चाललीय दिवाळी?”

“आज पीटी न्हाई. एक तास उशिरा उठवलं. देवळात गेलो सगळे. दुपारी मोठं जेवण हुतं, उस्ताद सोताच्या हातानं वाढत हुते. एरवी डोक्यावर रायफल धरून पळवणारा माणूस जिलबी घे म्हणून मागं लागला हुता.”

“खोका मिळाला?”

“काल मिळाला. उस्तादांसमोर फोडला. सगळ्यांना पुरलं. सहा लाडू फुटलेले.”

“सहाच?”

“तुमी इचारणार ठाव हुतं, म्हणून मोजलं.”

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग तो आईला म्हणाला, “तू जेवलीस का? वेळंवर जेवत जा.” तिला म्हणाला, “पप्पांकडं लक्ष दे.” मग म्हणाला, “ठेवतो, माझ्या मागं रांग हाय.”

फोन बंद झाल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दिवशी एकदाही खोटं बोलावं लागलं नाही. सण पार पडला, आबांचा शब्द राहिला.

बायको म्हणाली, “त्याला कळलंय.”

“कोण सांगणार त्याला?”

“आज त्यानं आबांना इचारलं न्हाई.”

“वेळ संपली असेल.”

“मोबाइल हातात हाय तुमच्या. बघा की किती मिनटं झाली.”

मी बघितलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. तीन मिनिटं वीस सेकंद त्यानं तशीच सोडून दिली होती. घरापासून सव्वीस तासांवर, सणाच्या दिवशी, कुठला रिक्रूट फोनची तीन मिनिटं सोडून देतो? मी तो आकडा परत परत बघितला आणि बायकोला म्हणालो, “रांग होती म्हणाला ना.” ती उठून आत गेली.

पुढच्या तेरा रविवारांत त्यानं आबांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. दर रविवारी फोन ठेवताना वाटायचं, आता सांगावं. पण त्याला माहीत असेल तर माझ्या सांगण्यानं काय होणार, आणि माहीत नसेल तर आबांना दिलेला शब्द मोडणार. दोन्ही बाजू तोलून मी गप्प बसायचो. काट्याला एवढं जमतं. माणसाला त्यापुढे काहीतरी करावं लागतं, ते मी केलं नाही.

माघात आम्ही दोघं परेडला गेलो. आबांची तीन पदकं मी रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवली होती. मैदानावर ऊन होतं. शपथ झाली, बँड वाजला, आणि मग पोरं आईबापांना शोधत आमच्याकडं आली. आमचं पोरगं काळं पडलं होतं, खांदे भरले होते. आधी त्यानं सॅल्यूट केला, मग पायाला हात लावला.

सव्वीस तास मी वाक्य जुळवत आलो होतो. “तुला एक सांगायचं राहिलंय. आपले आबा—”

“दिवाळीतच कळलं, पप्पा.”

“कुणी सांगितलं?”

“चिवड्यात लसूण न्हवता.”

आमच्या चिवड्यात लसूण असतो. भरपूर असतो. आबांना तो तसाच लागायचा, आणि दर दिवाळीला पायरीवर बसून ते स्वतः गड्डे सोलत. काकींच्या घरी लसूण कधीच शिजत नाही. त्यांचा चिवडा मुलानं लहानपणापासून खाल्लेला, चव त्याला पाठ. मी लाडू मोजले, खोका तोलला, पण चिवडा चाखला नव्हता.

“आईच्या डब्यात काकींचा चिवडा,” तो म्हणाला. “म्हणजे आपल्या घरात कढई चढली न्हाई. आन् आबा दोन रविवार फोनवर आलं न्हाईत. मग बेरीज केली.”

आईनं त्याचा हात धरला होता. तिनं विचारलं, “मग काय केलंस रं एकटा?”

त्यानं थोडक्यात सांगितलं. दिवाळीला सगळे व्हॉलीबॉल खेळायला गेले तेव्हा तो ट्रंकेवर बसून होता. शेजारच्या खाटेवरचा जतचा मुलगा परत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. फक्त त्यालाच सांगितलं. दोघं न्हाणीच्या मागं गेले आणि त्या मुलानं दाढीच्या वस्तऱ्यानं याचं डोकं भादरलं. बराकीत सगळ्यांचीच डोकी बारीक, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. जिलबी यानं खाल्ली नाही, त्या मुलाच्या ताटात टाकली. संध्याकाळी बराकीच्या पायऱ्यांवर बेचाळीस पणत्या लावल्या. यानं आपल्या पणतीची वात दक्षिणेकडं केली.

“मला का विचारलं नाहीस?” मी म्हणालो. “तीन मिनिटं शिल्लक होती तुझी.”

“इचारलं आसतं तर तुमाला आनि एकदा खोटं बोलाय लागलं आसतं. तुमचा आवाज बदलतोय. तुमाला जमत न्हाई ते.”

मी मान खाली घातली. तो पुढं म्हणाला, “आबांनीच सांगितलं आसंल, सांगू नगा म्हणून. मग तुमी हुकूम पाळला.”

“हुकूम सांगू नको एवढाच होता,” मी म्हणालो. “रानात गेलेत, डोळे दाखवायला गेलेत, हे माझं मी बोललो. ते माझ्याकडं.”

मी खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्यानं गाठ सोडून तिन्ही पदकं बघितली, एकेक उलटी करून मागची बाजूही बघितली, आणि पुन्हा बांधली.

मैदानाच्या कडेला एक मुलगा एकटाच उभा होता. त्याच्या घरचं कुणी आलं नव्हतं. आईबाप मेंढरं घेऊन कुठंतरी कोकणाकडं उतरलेले, त्यांना मागं सोडून येणं शक्य नव्हतं. आमच्या मुलानं त्याला हाक मारली. तो आला आणि आमच्या दोघांच्या पाया पडला. दिवाळीच्या दिवशी माझ्या मुलाचं डोकं ज्या हातांनी भादरलं ते हात मी बघत राहिलो. मी म्हणालो, “तू होतास म्हणून बरं झालं.”

“आवं, त्यात काय,” तो म्हणाला. “जिलब्या चार खाल्ल्या मी त्या दिवशी.”

बायकोनं पिशवीतून डबा काढला. आबांचं वर्ष सरायला अजून अवकाश होता, पण निघायच्या आदल्या दिवशी तिनं कढई चढवली होती आणि पायरीवर बसून लसूण मी सोलला होता. तिनं दोघांच्या ओंजळीत चिवडा घातला.

जतच्या मुलानं बकाणा भरला, चावला आणि माझ्या मुलाकडं बघितलं.

“आज लसूण हाय रं,” तो म्हणाला.

“व्हय,” मुलगा म्हणाला, आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, तीन महिन्यांनी रडला.