फेरीबोटीची रंगीत तालीम

रविवारी सकाळी सिंगापूरच्या चांगी पॉइंटच्या जेट्टीवर उभी राहून मी घरी परत जाण्यासाठी एखादं पटण्यासारखं कारण शोधत होते. समोर पुलाउ उबीन बेट दिसत होतं. मधे पाणी होतं...

आमची मुक्ता टोरोंटोला असते. तिचे सासू-सासरे निवृत्त झाल्यावर आपल्या गावी परत गेले, म्हणजे कॅरिबियनमधल्या बेक्वे नावाच्या चिमुकल्या बेटावर. लग्न कोर्टात झालं, तेव्हा दोन्हीकडचे आईवडील स्क्रीनवरच होते. विहीणबाईंचे गुडघे आता प्रवासाला साथ देत नाहीत. जानेवारीत तुम्हीच या, असा त्यांचा फार आग्रह आहे.

आमच्या घरात प्रवासाचं प्लॅनिंग माझ्याकडे. वादळांचा मोसम टाळला, इन्शुरन्स बघितला, टोरोंटोहून बेक्वेशेजारच्या सेंट व्हिन्सेंट या मोठ्या बेटाचं विमान शोधलं. तिथल्या व्हॅन म्हणे गच्च भरतात आणि दणदणीत गाणी लावून वळणांवरून सुसाट जातात. बेक्वेवर टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकलेला पिकअप. ठीक आहे, बसू.

पण सेंट व्हिन्सेंटहून बेक्वेला जायचं तर फेरीबोट. उघड्या समुद्रातून साधारण तासभर. मी एक व्हिडिओ लावला... रेलिंगपलीकडे आधी आभाळ, मग नुसतं पाणी, मग परत आभाळ. मी लॅपटॉप बंद केला.

मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते आणि ती वाटते हे कुणाला कळलेलं आवडत नाही. म्हणून मग मी प्रत्येक हॉटेलात खोट काढायला लागले, प्रत्येक विमानाची वेळ गैरसोयीची ठरवली. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, हे काही दिवस बघितलं. मग म्हणाला, "बोटीला घाबरतेस, एवढंच ना? मग विहीणबाईंना कळवून टाक, मधला समुद्र आटला की येतो म्हणून."

मी चिडले. आणि चिडूनच, आधी इथल्या उबीनला बोटीने जाऊन दाखवते म्हटलं. टॅम्पिनीसच्या आमच्या घरापासून चांगी जवळच, पुढे लाकडी बमबोटीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तालीम म्हणून पुरे.

जाताना मी डोळे मिटून बसले होते. बोट कलली की हाताला लागेल ते घट्ट धरत होते... "अगं, हा माझा हात आहे, बोटीचा दांडा नाही," श्रीकांत म्हणाला. मी सोडला नाही.

उबीनवर शहाळं प्यायलो, थोडं चाललो, जुनी घरं बघितली. लोक मजेत सायकली चालवत होते. माझ्या डोक्यात एकच, परत पाण्यातूनच जायचंय.

दुपारी आभाळ काळं झालं तसे सगळेच जेट्टीकडे निघाले. बमबोटीत बाराच माणसं घेतात. आम्ही पोचलो तेव्हा अकरा बसली होती. "वन मोअर ओन्ली, आंटी! फास्ट, फास्ट!" बोटवाला ओरडला.

मी म्हटलं, "आपण पुढच्या बोटीने जाऊ." श्रीकांतने आभाळाकडे बघितलं. "पाऊस यायच्या आत तू जा. मी मागोमाग आलोच." आणि माझ्या दंडाला धरून त्याने मला बोटीत चढवलंच. घरात हुकूम माझा चालतो, पण तिथे त्याचा चालला.

बोट निघाली. मी मागे वळून जेट्टीवरचा त्याचा निळा शर्ट बघत राहिले... दिसेनासा होईपर्यंत.

चांगीला उतरले आणि आभाळ फाटलं. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. समोरचं बेट पुसून टाकल्यासारखं नाहीसं झालं. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "बोट स्टॉप लाह, आंटी. वेट." पण माझ्यानंतरची बोट निघाली होती की नव्हती, ते त्याला सांगता येईना.

गेल्या वर्षी श्रीकांतची अँजिओप्लास्टी झाली. तो बोटीत असेल तर? जेट्टीवरच छातीत दुखायला लागलं असेल तर? हे असंच बेक्वेच्या वाटेवर झालं तर मी कुणाला हाक मारणार?... बाकावर बसवेना, उभं राहवेना.

पाऊस ओसरल्यावर पहिली बोट आली. तिच्यातून तो उतरला, नखशिखांत भिजलेला. फोन पाण्याने गेला होता. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "तू कशी आलीस? फार हलली का बोट?"

मला आठवेना. खरंच आठवेना. बोट हलली की नाही, पाणी उडालं की नाही, काहीच नाही. मी पाण्याकडे बघितलंच नव्हतं.

"तुझी बोट आत गेली आणि पाऊस आला," तो म्हणाला. "पोचलीस की नाही कळेना. फार घाबरलो गं." बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी त्याला सांगितलं, यापुढे दोघांना जागा असेल तरच बोटीत चढायचं, नाहीतर दोघांनीही काठावर थांबायचं. तो मुकाट्याने हो म्हणाला.

घरी येऊन मुक्ताला कळवलं, जानेवारीची तिकिटं काढ. भीती गेलेली नाही, पाण्याचीही नाही आणि दुसरीही नाही. पण परवा तो त्या बोटीतून उतरला याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला कळत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आणि कुणी बेक्वेला गेलं असेल, तर फेरीबोटीत शेजारीशेजारी दोन जागा मिळायला किती आधी जावं लागतं ते सांगा. "काही होत नाही हो" असं कृपया कुणी लिहू नका.