मागून येणारा आवाज

मुलाने न विचारता आणलेली वस्तू मी आधी संशयाने पाहतो, नंतर वापरतो. या वेळी खोकीच खोकी निघाली. त्यांत पाच स्पीकर होते, जमिनीवर ठेवायचा एक जड पेटारा होता, ज्यातून म्हणे गडगडाट येतो, आणि या सर्वांवर हुकमत चालवणारे एक काळे यंत्र होते.

"बाबा, थिएटरचा आवाज घरात," मुलगा म्हणाला.

थिएटरात मी कित्येक वर्षे पाऊल ठेवलेले नाही आणि त्याची उणीवही मला कधी भासली नाही. हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच मला शंका आली.

लोणावळ्याच्या घरात पत्नी आणि मी दोघेच असतो. रेल्वेतून निवृत्त होताना बांधलेले हे घर. मुलगा पुण्यात राहतो. आमच्या गल्लीतील घरांचे एकेक करून 'बंगले' झाले, म्हणजे राहणारे निघून गेले आणि शनिवार-रविवारचे पाहुणे येऊ लागले.

टीव्ही कोठे लावायचा, येथूनच सुरुवात झाली. मुलाने समोरची भिंत निवडली. तेथे दोन तसबिरी होत्या. एक तथागतांची, दुसरी निळ्या कोटातील. घर झाले तेव्हा पहिला खिळा त्यांच्यासाठी ठोकला होता. आमची सकाळची वंदना तेथेच होते.

"या आतल्या खोलीत जास्त छान दिसतील," असे म्हणून त्याने त्या उतरवल्या. पत्नीने त्या पदराने पुसल्या आणि आत नेल्या.

जोडणीसाठी आलेला तंत्रज्ञ बोलका होता. टीव्हीखालच्या स्पीकरमधून माणसांचे बोलणे येते, दोन बाजूंच्या स्पीकरांतून मुख्यतः संगीत, आणि मागच्या दोहोंतून परिसर, म्हणजे पाऊस, पाखरे, पाठीमागून येणारी गाडी. परंतु मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या जवळ असतात आणि पुढचे लांब. त्यांचे आवाज मागेपुढे कानावर पडले तर लबाडी उघडी पडते. म्हणून यंत्र जवळच्या स्पीकरला निमिषभर थोपवून धरते.

"मग सगळे आवाज एकदम पोचतात, काका. कान फसतो."

"फसवतो, असे तोंडावर सांगणारा मनुष्य मी प्रथमच पाहतो."

"थिएटरवाले तिकिटाचे पैसे घेऊन फसवतात, मी तुमच्या चहावर फसवतो," तो म्हणाला आणि कप पुढे केला.

मग त्याने तीन पायांच्या स्टँडवर एक लहान माईक बसवला व मुख्य जागा कोणती, असे विचारले. माईक जेथे ठेवावा, तेथील कानासाठी यंत्र सारे जुळवून घेते. मी माझी खुर्ची दाखवली.

"एकच जागा नको," मुलगा मध्ये बोलला. "पूर्ण सोफा घ्या. आणि मागे गाद्या टाकल्या तर तिथे बसणारेही धरा."

माईक खोलीभर फिरला. प्रत्येक ठिकाणी स्पीकर आळीपाळीने चिरकले. घरात माणसे दोन. गाद्यांवर कोण बसणार होते?

चाचणीसाठी लावलेल्या चित्रपटात पाऊस आमच्या पाठीशी पडू लागला. पत्नी खिडकी लावायला उठली. खिडकी बंदच होती. तंत्रज्ञ खूश झाला. मी झालो नाही, कारण माझीही मान वळली होती. माझ्या तरुणपणी थिएटरात चित्रपटाचा आवाज एकाच ठिकाणाहून, पडद्यामागून येई. पाठीमागून येई तो माणसांचा. आमच्या वस्तीची मुले पुढच्या बाकांवर बसली की मागून काय ऐकू येई, ते लिहिण्याची गरज नाही. मागे वळून पाहायचे नाही, हा नियम मी तेव्हा स्वतःला घालून घेतला होता. तो या यंत्राने मोडला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्यात साफसफाईला येणारी कार्ल्याची बाई आमच्या फाटकाशी थांबली.

"आबा, तुमी बी बंगला भाड्यानं लावताय व्हय?"

"कोणी सांगितले?"

"तुमच्या लेकानंच की. चादरी कुटं धुवायला टाकता, इचारत व्हता. मी म्हनलं, चादरीचं ऱ्हाऊ दे, आबांना कुटं टाकनार ते आदी सांग!" ती हसत निघून गेली.

वायरी झाकण्यासाठी मुलगा तंत्रज्ञाला घेऊन रविवारी पुन्हा आला, तेव्हा मी सरळ विचारले.

"शुक्रवार ते रविवार फक्त, बाबा. तेवढे दिवस तुम्ही दोघं माझ्याकडे. होम थिएटर असलं की बंगला आधी जातो."

"मला का विचारले नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"आणि तसबिरी?"

तो हातातील वायरीकडे पाहू लागला. "लोक हॉलचा फोटो बघून बुकिंग करतात."

"मग?"

"मग काय, बाबा? तुम्हाला मी सांगायचं?"

सांगण्याची आवश्यकता नव्हती. हे मी पूर्वी अनोळखी तोंडून ऐकले होते. घरातल्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"शुक्रवारी नातीकडे जायला मला आवडेल," ती म्हणाली. ही बातमी मला नवीन होती. "घर द्यायचं तर दे. पण तसबिरी होत्या तिथे लाव. त्यांच्यासमोर बसून ज्याला सिनेमा बघवत नाही, त्यानं दुसरा बंगला बघावा."

"आई, धंद्यात असं..."

"तू लावतोस की मी स्टुलावर चढू?"

तिचे गुडघे त्याला माहीत आहेत. त्याने तसबिरी लावल्या.

टीव्ही खिडकीच्या भिंतीवर गेला. काचेवर आपटून आवाज बिघडतो, अशी तंत्रज्ञाने कुरकुर केली. पत्नीने ट्रंकेतली जाड गोधडी काढून खिडकीवर टांगली. माईक पुन्हा खोलीभर फिरला. या वेळी मी माझ्या खुर्चीचा आग्रह धरला नाही. मोजणी चालू असताना कोणी बोलायचे नसते. ते आम्हा तिघांच्याही सोयीचे होते.

जाताना मुलाने हॉलचे फोटो काढले. तसबिरी त्यांत आल्या आहेत. मी त्याच्या मोबाईलवर स्वतः पाहिल्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी पत्नी बॅग भरून ठेवते. पाहुणे अद्याप आलेले नाहीत. मुलगा म्हणतो, सध्या सीझन नाही. शनिवारी सकाळपासून भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या फाटकासमोर खोळंबून उभ्या असतात.